भाणकाचा खांब आणि वर्षावासातला ग्रंथ

कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांनी आपापली नावं कोरून ठेवली आहेत. कुणी धेनुकाकटचा यवन, कुणी तिथलाच सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, कुणी दरवाजा घडवणारा सुतार. या मंडळींत सातिमित नावाचा एकजण आहे. तो सोपाऱ्याचा, धम्मुत्तरीय पंथाचा. शरीरधातूसह खांब दान केल्याचं त्याने नोंदवलं आहे. इतरांनी जिथे धंदा सांगितला, त्या जागी सातिमिताने एकच शब्द घातला: भाणक.

भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून लोकांसमोर म्हणून दाखवणारा. आपलं ‘म्हणणे’ हे क्रियापद याच ‘भण्’ धातूतून आलेलं आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द परका वाटू नये. बौद्ध धर्मात ग्रंथाचं स्थान काय, या प्रश्नाची अनेक उत्तरं दिली जातात. मला तो सातिमितापासून सोडवावासा वाटतो, कारण त्याच्या हातात पोथी नव्हती. पोथी तो स्वतःच होता.

मळवलीला उतरून कार्ल्याला जायचं. पुण्याकडे येताना तिथून सहावं स्टेशन बेगडेवाडी. फक्त लोकल थांबते असं हे छोटं ठिकाण, एका बाजूला देहूरोड, दुसऱ्या बाजूला घोरावडी. मागच्या पावसाळ्यात स्टेशनापासून चालत गाठता येणाऱ्या एका विहारात मी काही संध्याकाळी जाऊन बसलो. वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या या तीन महिन्यांत महाराष्ट्रातल्या असंख्य विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ रोज थोडा थोडा वाचला जातो. इथेही तेच. पत्र्यावर मावळातला पाऊस, पुढ्यात मेणबत्ती, निळ्या कापडावर ठेवलेला जाड ग्रंथ, आणि वाचायला साठीच्या पुढच्या एक काकू. त्या ओळीखाली बोट ठेवून वाचत होत्या आणि प्रत्येक परिच्छेदाचा आकडासुद्धा मोठ्याने उच्चारत होत्या. एक. दोन. तीन. हा ग्रंथ मुळातच असा आकडे घालून छापलेला आहे. कॉलेजातल्या एका पोराने शेवटी विचारलं, “काकू, नंबर कशाला वाचता?” काकूंनी चष्मा वर सरकवला. “अरे, आज कुठवर झालं ते घरी धाकटीला सांगायला नको का? उद्या तिची पाळी आहे.”

काकूंनी ते सहज सांगून टाकलं, पण अडीच हजार वर्षं चाललेल्या एका व्यवस्थेचं मर्म त्यात आलं होतं.

बुद्धाने काही लिहिलं नाही. परंपरा सांगते की परिनिर्वाणानंतर राजगृहाला पाचशे भिक्षू जमले. महाकस्सप अध्यक्ष होते. त्यांनी विनय, म्हणजे भिक्षूंच्या वागणुकीचे नियम, विचारला आणि उपालीने सांगितला, धम्म विचारला आणि आनंदाने सांगितला. मग सगळ्यांनी तो एकसुरात म्हटला. या सभेला ‘संगीती’ म्हणतात, ते याच सोबत म्हणण्यामुळे. सुत्तांची सुरुवात ‘मी असं ऐकलं आहे’ अशा अर्थाने होते आणि तो ‘मी’ म्हणजे आनंद, अशी समजूत आहे. वेदांना अपौरुषेय मानलं जातं. इथे पहिल्याच शब्दाला सांगणारा माणूस उभा राहतो आणि हे आपण ऐकलेलं आहे अशी कबुली देतो. साक्षीदाराच्या जबानीसारखी ही सुरुवात आहे.

एवढं सगळं एकाच डोक्यात मावणं शक्य नव्हतं. म्हणून कामाची वाटणी झाली. अट्ठकथांप्रमाणे, म्हणजे पाली भाष्यांप्रमाणे, सुत्तांच्या संग्रहांपैकी दीघनिकाय आनंदाच्या शिष्यपरंपरेकडे आला, मज्झिम सारिपुत्ताच्या, संयुत्त महाकस्सपाच्या आणि अंगुत्तर अनुरुद्धाच्या. पुढे दीघभाणक, मज्झिमभाणक अशी नावंच रूढ झाली, आणि कुठला ग्रंथ कुठल्या पिटकात धरायचा यावर त्यांच्यात मतभेदही होते. भारहूतच्या कठड्यावर ‘पेटकी’ म्हणजे पिटक जाणणारा, ‘पंचनेकायिक’ म्हणजे पाचही निकाय जाणणारा, अशा पदव्या कोरलेल्या आहेत. आज आपण नावामागे पदवी लावतो, तसंच हे. पाली सुत्तं पहिल्यांदा वाचताना तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात म्हणून कंटाळा येतो. मलाही आला होता. पण ती वाचण्यासाठी रचलेलीच नाहीत. ठरलेले विशेषणांचे झुपके, एकाला दोन आणि दोनाला तीन अशी चढती मोजणी, शब्दाच्या वाढत्या लांबीनुसार लावलेले समानार्थी शब्द, हे सगळं पाठांतराचं यंत्र आहे. काकूंचे आकडे त्याच जातीचे.

यंत्र कधीकधी बंद पडण्याच्या बेतात येतं. श्रीलंकेत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात मोठा दुष्काळ पडला. भिक्षू उपासमारीने मरू लागले. उरलेल्यांनी वाळूत पडून, अंगात उभं राहण्याचं बळ नसताना, पाठ चालू ठेवला असं सांगतात. त्याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. ‘महानिद्देस’ हा ग्रंथ फक्त एकाच भिक्षूला येत होता आणि त्याची वागणूक धड नव्हती. चांगल्या भिक्षूंना त्याच्याकडे शिकायला बसणं जिवावर आलं, पण तो मेला असता तर ग्रंथही गेला असता, म्हणून नाक मुठीत धरून ते बसले. अशा धास्तीतून वट्टगामणी राजाच्या काळात अलुविहारात तिपिटक ताडपत्रांवर उतरवलं गेलं. लिहिणं हा तेव्हा गौरव नव्हता, विम्याचा हप्ता होता.

भारतात तोंडी परंपरा त्यानंतरही बराच काळ टिकली. चिनी भिक्षू फा-हियान ३९९ मध्ये विनयाच्या शोधात निघाला. उत्तरेकडे गुरूने सांगायचं आणि शिष्याने ऐकायचं अशीच रीत असल्यामुळे नक्कल करायला लिखित प्रतच मिळेना, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. शेवटी पाटलीपुत्रात एक प्रत मिळाली. ती महासांघिक पंथाच्या विनयाची होती.

ही महासांघिक मंडळी मावळातही होती. कार्ल्याच्याच एका लेखात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षी, अबुलामा इथून आलेल्या हरफरण नावाच्या उपासकाने महासांघिकांना नऊ खोल्यांचा मंडप दिल्याची नोंद आहे. सातिमित धम्मुत्तरीय. म्हणजे मावळच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी जे म्हटलं जात होतं, ते आज बेगडेवाडीच्या विहारात म्हटलं जाणारं पाली नव्हतं. त्या पंथांचे पाठ वेगळे होते. महासांघिकांचा विनय आज मुख्यतः चिनी भाषांतरात वाचायला मिळतो, तो फा-हियानने नेलेल्या प्रतीमुळे. सातिमिताच्या धम्मुत्तरीयांचं तर काहीच हाती लागलेलं नाही. त्याने आयुष्यभर जे म्हटलं त्यातलं एक अक्षर उरलं नाही. उरला तो खांब आणि त्याच्यावरचा धंद्याचा उल्लेख. आपण आपल्या घरच्या लेण्यांतली परंपरा पुढे चालवतो आहोत असं अनेकजण अभिमानाने सांगतात. तो अभिमान मला समजतो, पण तो पूर्ण खरा नाही. आपल्याकडचं पाली सिंहल आणि ब्रह्मदेशातून परत आलेलं आहे. मधली हजारएक वर्षं सांधलेली नाहीत, तुटलेलीच आहेत.

ही तूट बेगडेवाडीजवळच्या डोंगरावर डोळ्यांनी दिसते. शेलारवाडीच्या वरच्या बाजूला घोरावडेश्वराची लेणी आहेत. आज लोक तिथे महादेवाला जातात आणि श्रावणात गर्दी असते. पण तिथल्या ब्राह्मी लेखात धेनुकाकटच्या उसभणक नावाच्या नांगरकऱ्याची बायको सियगुतनिका हिने मुलगा नंद याच्यासह लेणं दान केल्याचं लिहिलं आहे. नांगर धरणाऱ्याच्या घरातली बाई डोंगर कोरून घेते, आणि तिच्या पैशातून झालेल्या त्या खोलीत पावसाळाभर कुणी भिक्षू बसून पाठ करत असेल. कुठला पाठ, ते गेलं. बाईचं नाव राहिलं. भाजे इथेही छोट्या स्तूपांच्या रांगेवर अंपिकिनक, धम्मगिरी, संघदिन अशी थेरांची नावं आहेत. ज्यांच्या अस्थींवर ते स्तूप उभे आहेत त्यांच्या तोंडी काय होतं, ते त्यांच्याबरोबर संपलं.

इथवर वाचून कुणी म्हणेल की बौद्धांना ग्रंथ फार मोलाचा असणार. त्यात एक मेख आहे. ज्या पिटकात बुद्धवचन जपलं, त्याच पिटकात ते डोळे झाकून स्वीकारू नका असंही सांगितलं आहे. केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने जी यादी दिली, तिच्यात ऐकीव गोष्ट, परंपरा, गुरूबद्दलचा आदर यांच्याबरोबर ‘पिटकात आहे’ हे कारणसुद्धा अपुरं ठरवलं आहे. मज्झिमनिकायातल्या अलगद्दूपम सुत्तात तर दोन दाखले एकामागून एक येतात. पहिला पाणसापाचा. त्याला शेपटीकडून धरलं तर तो उलटून चावतो, तसंच निव्वळ वाद जिंकायला पाठ केलेला धम्म माणसाला डसतो. दुसरा तराफ्याचा. नदी ओलांडायला तराफा बांधला, पार झाल्यावर तो डोक्यावर घेऊन कोणी फिरत नाही. जगातल्या कुठल्या धर्मग्रंथाने स्वतःची तुलना इतक्या सहजतेने टाकून द्यायच्या लाकडांशी केली असेल, मला ठाऊक नाही.

पण लगेच दुसरी बाजू येते. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध सांगतो की माझ्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते. आणि कुणी येऊन ‘हे बुद्धाने सांगितलं’ म्हणाला, तर ते सुत्त-विनयाशी ताडून पाहा, जुळलं तर घ्या, नाहीतर सोडा. एका हाताने ग्रंथाची सत्ता काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यालाच कसोटीचा दगड केलं. भाषेबाबतही असंच. दोन ब्राह्मण भिक्षूंनी बुद्धवचन छंदोबद्ध, वैदिक वळणाच्या भाषेत आणायची परवानगी मागितली. बुद्धाने ती नाकारली आणि प्रत्येकाने आपापल्या बोलीत ते शिकावं असं सांगितलं. पुढे बुद्धघोषाने इथल्या ‘आपल्या’ शब्दाचा अर्थ ‘बुद्धाच्या स्वतःच्या’, म्हणजे मागधी भाषेत, असा लावला. शिष्यांनी आपल्या भाषेत धर्म न्यावा, या सवलतीवरच एका टीकाकाराने कुलूप घातलं. ग्रंथ कोणाच्या हाती राहणार, हा झगडा किती जुना आहे ते यावरून कळतं.

विनयपिटकाचं काम यापेक्षा रोखठोक आहे. थेरवादी भिक्षूंचे २२७ नियम महिन्यातून दोनदा, उपोसथाला, संघासमोर म्हटले जातात आणि ज्याच्याकडून चूक झाली असेल त्याने त्याआधी ती कबूल करायची. इथे ग्रंथ म्हणजे कायदा, आणि त्यावर फार लिहिण्याची गरज नाही.

महायानात मात्र ग्रंथाने वेगळंच रूप घेतलं. प्रज्ञापारमिता सूत्रांत ग्रंथाची पूजा ही अस्थिधातूंच्या पूजेपेक्षा पुण्याची ठरली. स्तूपात हाडांच्या जागी श्लोक ठेवले जाऊ लागले. सातिमिताने खांबात शरीरधातू ठेवला होता. काही शतकांनी त्याच्यासारख्याने अक्षरंच ठेवली असती. चीनमध्ये ८६८ मध्ये छापलेलं वज्रच्छेदिका हे तारीख असलेलं सर्वांत जुनं छापील पुस्तक, आणि ते वाटण्यासाठी छापलं होतं. महाराष्ट्रातून जाऊन आलेला ह्युएन त्सांग ६४५ मध्ये चांगआनला परतला तेव्हा त्याच्याकडे ६५७ ग्रंथ होते. तिबेटी कांग्यूर साधारण १०८ खंडांचा, आणि हिमालयात ते खंड पाठीवर घेऊन शेतांभोवती मिरवणूक काढतात, पीक नीट यावं म्हणून. जपानमध्ये निचिरेनच्या अनुयायांना सद्धर्मपुंडरीक सूत्राचं नाव जपणं पुरतं. याच्या उलट टोकाला झेन. तिथे सूत्रं फाडणाऱ्या आचार्याचं चित्र काढून भिंतीवर लावतात. आपल्याकडे कान्हेरीला नवव्या शतकातल्या शिलाहारकालीन एका लेखात विहाराची दुरुस्ती आणि भिक्षूंची वस्त्रं यांच्यासोबत पुस्तकांसाठीही द्रम्म ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे तोवर आपल्या लेण्यांत भाणकाच्या शेजारी पोथी येऊन बसली होती. त्यानंतर लेणी ओस पडली आणि पोथ्यांचं काय झालं त्याचा मागमूस नाही.

आता थेट विसाव्या शतकात येतो, कारण आपल्या दृष्टीने सगळ्यांत रोचक भाग तिथेच आहे.

धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. १८९७ मध्ये ‘बालबोध’ मासिकातला बुद्धावरचा लेख त्यांच्या हाती पडला आणि पुढे हा माणूस घरदार सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेला, भिक्षू झाला, ब्रह्मदेशात राहिला. परतल्यावर त्यांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं. पुण्याची पालीशी गाठ पडली ती मुख्यतः इथे. त्यांचेच विद्यार्थी पु. वि. बापट यांनी सुत्तनिपात देवनागरीत संपादित केला, आणि पाली ग्रंथ चिनी प्रतींशी ताडून पाहता यावेत म्हणून चिनी भाषा शिकून घेतली. कोसंबींनी मराठीत ‘भगवान बुद्ध’ लिहिलं, त्याची थोरवी मला एका छोट्या उदाहरणातून दिसते.

लहानपणापासून आपण ऐकतो की सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलं म्हणून तो घर सोडून गेला. कोसंबींनी दाखवलं की जुन्या सुत्तांत ही कथा गोतमाच्या चरित्रात नाही, ती विपस्सी या आधीच्या बुद्धाच्या नावावर आहे. उलट सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात बुद्ध सांगतो की शस्त्र हाती घेतल्याने भय निर्माण झालं, आटत्या पाण्यातल्या माशांसारखे लोक एकमेकांवर तुटून पडताना पाहून मी उद्विग्न झालो. त्यावरून कोसंबींनी शाक्य आणि कोलियांमधल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे बोट दाखवलं. अशोकाच्या बैराटच्या लेखात भिक्षू आणि उपासकांनी ऐकाव्यात म्हणून ज्या सात ग्रंथांची नावं दिली आहेत, त्यांपैकी काही पाली तिपिटकात कुठे सापडतात तेही त्यांनी १९१२ मध्ये शोधून मांडलं. ग्रंथ जुना का नवा, कोणाच्या तोंडून आलेला, हे तपासणं त्यांना श्रद्धेच्या आड येणारं वाटत नव्हतं. मला तर ती कालामांना दिलेल्या सल्ल्याचीच अंमलबजावणी वाटते.

रोहिणीचा हा धागा पुढे ज्यांनी उचलला, ते डॉ. आंबेडकर. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला, म्हणजे बेगडेवाडीच्या पुढच्याच स्टेशनाच्या गावी, त्यांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. रंगूनला तेव्हा सहावी संगीती चालू होती. पहिली संगीती झाली त्या राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेसारखी गुहा मुद्दाम बांधून तीत अडीच हजार भिक्षू तिपिटक म्हणत आणि तपासत होते. मूर्ती आली ती अशा शहरातून. देहूरोडच्या भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच, हे आपण लिहून सिद्ध करू असं सांगितलं. आणि दुसरी गोष्ट सांगितली की सामान्य माणसाला समजेल असं बुद्धधम्मावरचं पुस्तक आपण लिहीत आहोत. आपल्या लेखाच्या दृष्टीने ही घोषणा जास्त महत्त्वाची आहे.

या पुस्तकाची गरज त्यांनी आधीच मांडली होती. मे १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात त्यांनी म्हटलं होतं की बौद्ध वाङ्मय अफाट आहे आणि सामान्य माणसाला ते वाचणं अशक्य आहे. ख्रिस्ती माणसाजवळ बायबल असतं, तसा एक छोटा धर्मग्रंथ बौद्धांना हवा. या विधानाची हिंमत समजून घ्यावी. तिपिटकाच्या हजारो सुत्तांसमोर उभं राहून ‘यातलं काय घ्यायचं ते मी ठरवतो’ असं म्हणणं सोपं नव्हतं.

निवडीची कसोटी त्यांनी उघड सांगितली. बुद्ध बुद्धिवादी होता, म्हणून जे तर्काला धरून आहे ते त्याचं. माणसाच्या हिताशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत तो पडत नव्हता, म्हणून तसलं काही त्याच्या नावावर असेल तर ते घेऊ नये. ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांवरच शंका घेतली. ती मूळ उपदेशात होती की भिक्षूंनी नंतर घातली, असा प्रश्न त्यांनी विचारला. आणि बुद्धवचन चुकीचं का पोहोचतं याची कारणं सांगताना त्यांनी भाणकांकडे बोट दाखवलं. एवढं मोठं वाङ्मय डोक्यात ठेवायचं तर चुका होणारच. खुद्द सुत्तांतच बुद्धाचं म्हणणं चुकीचं सांगितल्याची पाच उदाहरणं त्यांना सापडली. त्यातलं एक अलगद्दूपम सुत्तातलं, म्हणजे सापाच्या आणि तराफ्याच्या त्याच सुत्तातलं.

इथे सातिमिताचा जीव थोडा कासावीस झाला असता. ज्याच्या तोंडामुळे धम्म टिकला, त्याच्याच तोंडामुळे तो बिघडला असाही आरोप त्याच्यावर आला. माझ्या मते दोन्ही खरं आहे. तोंडी परंपरा म्हणजे शाश्वतीची हमी नव्हे.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाली, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि पुस्तक १९५७ मध्ये सिद्धार्थ कॉलेजतर्फे इंग्रजीत बाहेर आलं. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ते हिंदीत नेलं, मग मराठीही झालं. थोड्याच वर्षांत महाबोधी सोसायटीच्या मासिकातून त्याच्यावर कडक टीका झाली. ज्या मासिकातून या ग्रंथाची मागणी आली होती, त्याच मासिकातून. हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा धम्म आहे असा टीकेचा सूर होता. मला या टीकेत विद्वत्ता दिसते पण इतिहासाचं भान दिसत नाही. प्रत्येक पंथाने, अगदी सातिमिताच्या धम्मुत्तरीयांनीसुद्धा, आपला पाठ निवडून, लावून, गाळूनच बांधलेला होता. बाबासाहेबांनी ते नाव लावून, कसोट्या सांगून केलं. गाळणी दाखवून गाळलं.

खरी चिंता दुसरीकडे आहे. तपासायला शिकवणारा ग्रंथ आता तपासला जातो का? काही विहारांत तो कापडात बांधून ठेवला जातो, सणाला उघडून हार घालतात आणि बंद करतात. पारायणाची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. बेगडेवाडीपासून देहू जवळ आहे. इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी वर आली, ही कथा इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. पाण्यावर तरणारा ग्रंथ तो पवित्र, अशी आपली कल्पना. आणि बुद्ध म्हणतो, तरण्याचं काम झालं की सोडून द्या. दोन स्टेशनांच्या आत या दोन कल्पना शेजारी नांदतात, आणि वर्षावासाच्या विहारात कधीकधी दोन्ही एकाच माणसाच्या मनात असतात. काकूंनी ग्रंथ उघडण्याआधी त्याला हात लावून तो कपाळाला लावला. मी पाहिलं. नंतर त्याच काकूंनी एका वाक्यावर अडून “हे मला पटलं नाही, पुन्हा वाचते” असं म्हटलं. तेही मी पाहिलं.

धम्मदीक्षेनंतर ग्रंथाचा वापर घराघरांत कसा पसरला ते मोजायला जावं तर लिखाण लांबेल. गृहप्रवेशाला महामंगल सुत्त, लग्नाला मंगलगाथा, घरात अडचण आली की परित्राण पाठ आणि मनगटाला पांढरा दोरा. बाबासाहेबांनीच १९५६ मध्ये ‘बौद्ध पूजापाठ’ नावाची छोटी पुस्तिका तयार केली होती आणि पालीचा शब्दकोश व व्याकरणही त्यांच्या हातून घडलं, जे त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात आहे. भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य गावोगाव हे पाठ म्हणतात. खरं सांगायचं तर आजचे भाणक तेच. पाली उच्चार अनेकदा मराठी वळणाचे होतात, आणि एका ज्येष्ठ प्राध्यापकांना त्याचा त्रास होतो हे मला माहीत आहे. मला होत नाही. आपापल्या बोलीत शिका, ही सवलत ठसक्यालाही लागू असावी.

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सहाव्या संगीतीचं तिपिटक, अट्ठकथा आणि टीकांसह, देवनागरीत १४० खंडांत छापलं आहे, आणि ते संगणकावरही मिळतं. म्हणजे एकेकाळी एका दुष्ट भिक्षूच्या डोक्यात अडकलेला ‘महानिद्देस’ आता कुणीही मोबाइलवर उघडू शकतो. वाचणारे किती, हे मी विचारत नाही. अशी विपुलता कोसंबींना स्वप्नवत वाटली असती, आणि बाबासाहेबांना तरीही एका छोट्या पुस्तकाची गरज वाटलीच असती. १४० खंड कपाटात राहतात. आठ वाजता घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या आहेत, अशा बाईच्या मांडीवर एकच ग्रंथ मावतो.

मी शेवटचा गेलो त्या दिवशी काकू नव्हत्या. त्यांची धाकटी सूनही आली नव्हती. ती तळेगाव एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला होती. म्हणून नंबर का वाचता असं विचारणाऱ्या त्या पोरावर वाचायची वेळ आली. खीर कुणाच्या घरची यावर थोडी बोलाचाली झाली, मग सगळे बसले. सुरुवातीला त्याने आकडे गाळले. पाच-सहा परिच्छेद झाले असतील तेवढ्यात लोणावळ्याची लोकल भोंगा वाजवत गेली. त्याचा आवाज पावसात आणि पत्र्यात बुडाला. तो थांबला. गाडी गेल्यावर पुन्हा वाचायला लागला तर कुठे होतो ते त्याला सापडेना. एका मावशीने बसल्या जागेवरून सांगितलं, “सतरा.” त्याने वर पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाला, “सतरा,” आणि तो परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला.